एका प्रवासाला एक गंध: प्रवासाच्या आठवणी घरात वासाने जाग्या करण्याची पद्धत

इंग्लंडमधील यॉर्क शहरात व्हायकिंग या जुन्या काळच्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दी लोकांची वस्ती पुन्हा उभी करून दाखवणारे यॉर्विक हे संग्रहालय १९८४ साली सुरू झाले, आणि त्या वस्तीतील गल्ल्यांचे वासही तिथे मुद्दाम तयार करून सोडलेले असतात. हे संग्रहालय पूर्वी पाहिलेल्या लोकांना ॲगलटन आणि वॅस्केट या दोन संशोधकांनी त्या भेटीतील तपशील विचारले. भेटीला सरासरी सहा-सात वर्षे उलटून गेली होती. उत्तरे देताना ज्यांना संग्रहालयातील तेच वास हुंगायला मिळाले, त्यांना भलतेच वास मिळालेल्यांपेक्षा अधिक तपशील आठवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील एक बाब सहसा नजरेतून निसटते. ते सगळेच काही सुवास नव्हते; त्यांत जळक्या लाकडाचा वास होता, डांबराचा होता, कचऱ्याचाही होता. ते कामी आले ते इतरत्र कुठे तसे एकत्र भेटत नाहीत म्हणून.

या लेखातील सगळ्या सूचना याच एका मुद्द्यावर उभ्या आहेत. प्रवासाची आठवण घरी जागवणारा वास महाग किंवा मोहक असण्याची गरज नाही. तो त्या एकाच प्रवासाचा असला पाहिजे, आणि घरी आल्यावर तो तसाच राखला पाहिजे. बहुतेकांचा घोटाळा होतो तो या राखण्याच्या कामात.

नाकात नेमके काय घडते

आपल्या नाकाच्या वरच्या भागात घ्राणपेशींचे एक पातळ पटल असते आणि त्यावर गंधरेणू ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. या ग्राहकांच्या जनुकांचे कुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ साली शोधले आणि त्यासाठी त्यांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. एक रेणू अनेक ग्राहकांना कमीअधिक प्रमाणात चेतवतो, आणि त्या सगळ्यांचा मिळून जो नमुना तयार होतो तो म्हणजे तो वास. हा संदेश कवटीच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात जातो आणि तिथून, दृष्टी किंवा श्रवण यांच्या संदेशांप्रमाणे आधी थॅलॅमस या चौकीवर न थांबता, भावनांशी संबंधित अमिग्डाला आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस यांच्या परिसरात पोहोचतो. म्हणूनच अनेकदा वासाचे नाव सुचण्याआधी छातीत काहीतरी हलते आणि मग आपण विचार करत बसतो की हा वास कुठला.

येथे अपेक्षा थोड्या आवरून धरणे बरे. वास आणि स्मृती यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ रेचेल हर्झ यांच्या प्रयोगांत असे दिसले आहे की वासामुळे जागी झालेली आठवण चित्राने किंवा शब्दाने जागी झालेल्या आठवणीपेक्षा अधिक अचूक असतेच असे नाही, पण ती अधिक भावपूर्ण असते आणि आपण त्या जागी परत गेलो आहोत अशी जाणीव तिच्यात अधिक तीव्र असते. प्रवासाची तारीख किंवा मुक्कामाचे भाडे आठवायचे असेल तर वहीच उघडावी. वासाचे काम वेगळे आहे.

निघण्यापूर्वी: नाकाला अनोळखी असा वास निवडणे

प्रवास अजून व्हायचा असेल तर तुमचे काम निम्म्याने सोपे आहे. एखाद्या वासाशी पहिल्यांदा जुळलेला संदर्भ नंतरच्या संदर्भांपेक्षा चिवट असतो, त्यामुळे ज्या वासाला तुमच्या आयुष्यात अजून कोणताही संदर्भ चिकटलेला नाही असा वास सोबत न्यावा. नेहमीचा साबण, नेहमीचे अत्तर आणि नेहमीचे केसांचे तेल घेऊन पाच ठिकाणे हिंडलात तर त्या वासात पाचही ठिकाणे आणि तुमचे न्हाणीघर यांची सरमिसळ होते, आणि त्यातून कोणतीच एक जागा वर येत नाही.

अँडी वॉरहॉल हा चित्रकार एक अत्तर तीन महिने वापरत असे आणि त्यानंतर, आवडत असले तरी, ते कायमचे बाजूला ठेवत असे, कारण पुढे कधीही ते हुंगले की तेच तीन महिने आठवावेत अशी त्याची इच्छा होती. त्याच्या या सवयीत विक्षिप्तपणा असला तरी त्यामागचा तर्क बिनचूक आहे. आपण प्रवासापुरती तीच पद्धत घ्यावी: प्रत्येक मोठ्या प्रवासासाठी नवा साबण, नवे मलम किंवा अत्तराची छोटी कुपी घ्यावी, ती निघाल्यावरच उघडावी आणि परतल्यावर बंद करावी. साबण मला अत्तरापेक्षा सरस वाटतो. तो रोज ठरावीक वेळी वापरला जातो, सहप्रवाशांना त्याचा त्रास होत नाही आणि पाण्याचा, टॉवेलचा, त्या खोलीतील सकाळच्या उजेडाचा संदर्भ त्याला आपोआप मिळतो. अत्तर घ्यायचेच असेल तर विमानातील हातसामानासाठी अनेक विमानतळांवर द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा असते हे लक्षात घेऊन ५ ते १० मिलिलिटरची कुपी घ्यावी. आपल्या कामाला तेवढी पुरते.

प्रवासात: टिपणे आणि जपून आणणे

आणलेला वास दिवसभर अंगावर मिरवू नये, कारण सतत येणाऱ्या वासाची नाकाला काही मिनिटांतच सवय होते आणि मग तो जाणवेनासा होतो. दिवसातील एकच क्षण ठरवावा, शक्यतो ज्या क्षणी आपण स्वस्थ असतो आणि समोर त्या ठिकाणाचे काहीतरी खास दिसत असते असा. कापसाच्या फायावर एक थेंब घेऊन दोन-तीन मिनिटे तिथे बसावे. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी हे केले म्हणजे वास आणि जागा यांची गाठ चांगली बसते.

त्याबरोबरच त्या ठिकाणाचे स्वतःचे वास वहीत लिहावेत. ‘छान’, ‘प्रसन्न’, ‘मोहक’ अशा विशेषणांचा पुढे काहीही उपयोग होत नाही. वस्तूंची नावे लिहावीत. ‘ओल्या दगडाचा, त्यात किंचित लोखंडाचा, दुपारी तापल्यावर धुळीचा’ असे लिहिले असेल तर सहा महिन्यांनी तो वास जुळवताना सुरुवात कुठून करायची ते कळते. हवा दमट होती की कोरडी आणि वास कोणत्या वेळी येत होता, हेही नोंदवावे, कारण उबदार आणि दमट हवेत गंध अधिक ठळक जाणवतात आणि थंड, कोरड्या हवेत ते मंद वाटतात.

प्रत्यक्ष वस्तू आणायची तर कापड हा उत्तम वाहक आहे. सुती किंवा लोकरी रुमाल रात्रभर शेकोटीजवळ, लाकडी कपाटात किंवा वाळत घातलेल्या वनस्पतींजवळ ठेवला की तो वास धरतो. असा रुमाल पूर्ण कोरडा करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावा. तो दमट राहिला तर महिनाभरात बुरशीचा कुबट वास मूळ वासाला गिळून टाकतो. साधी प्लास्टिकची पिशवी टाळावी, कारण तिच्यातून गंध हळूहळू निसटतो आणि तिचा स्वतःचाही वास असतो.

माती, बिया आणि ओल्या वनस्पती मात्र आणू नयेत. रोग आणि कीड यांच्या भीतीने बहुतेक देशांच्या सीमांवर त्यांना प्रतिबंध असतो. समुद्रकाठची वाळू आणि शिंपलेही निर्धोक नाहीत. इटलीतील सार्डिनिया बेटावर २०१७ सालच्या कायद्यानुसार ती नेल्यास ५०० ते ३,००० युरोपर्यंत दंड होतो. आणि खरे सांगायचे तर कोरडी वाळू घरी आणून तिला फारसा वासही उरत नाही.

प्रवास होऊन गेला असेल तर

अनेक वाचकांचा प्रश्न हाच असणार की दहा वर्षांपूर्वीच्या प्रवासाचे काय. तिथे वास नव्याने जुळवावा लागतो, आणि त्यासाठी थोडी शोधकवृत्ती लागते.

आधी त्या प्रवासातील छायाचित्रे समोर घेऊन बसावे आणि त्यांत काय दिसते यापेक्षा तिथे काय हुंगले जात असेल याची यादी करावी. या यादीत लोक निसर्गाचे वास भराभर लिहितात आणि स्वतःच्या अंगावरचे वास हमखास विसरतात. समुद्रकाठच्या सुट्टीचा जो वास तुम्हाला ‘समुद्राचा’ वाटतो, तो पुष्कळदा उन्हापासून बचावासाठी लावलेल्या सनस्क्रीनचा असतो. जंगलातील मुक्कामाचा वास म्हणजे डास पळवणारे मलम आणि लाकडाचा धूर, तर बोटीच्या प्रवासाचा वास म्हणजे डिझेल आणि ओला दोर. त्याच प्रकारचे मलम पुन्हा मिळाले तर अर्धे काम तिथेच होते. महागड्या सुगंधी तेलांकडे वळण्याआधी हे पाहून घ्यावे. सहप्रवाशालाही विचारावे. एकाच खोलीत राहिलेल्या दोन माणसांना वेगवेगळे वास आठवतात आणि दुसऱ्याने नुसते नाव उच्चारले तरी आपल्याला ओळख पटते.

यादीतील जे वास तयार वस्तूंतून मिळत नाहीत, त्यांच्यासाठी त्यांच्यामागचा पदार्थ माहीत असावा. पाइनच्या रानातील ताजा, किंचित राळेसारखा वास मुख्यतः पाइनीन या घटकाचा असतो आणि तो या झाडांच्या इसेन्शियल ऑइलमध्ये, म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेल्या अर्कात, चांगला उतरतो. लव्हेंडरच्या शेतांतील वासात लिनालूल प्रमुख असते, तर लिंबूवर्गीय बागांचा वास फळांच्या सालीतील लिमोनीनमुळे येतो. हे तिन्ही तेलांतून सहज मिळवता येतात.

पावसाने भिजलेल्या मातीचा वास, म्हणजे आपला मृद्गंध, थोडा अवघड आहे. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले; कोरड्या हवेत वनस्पतींतून निघालेली तेले दगडमातीत शोषली जातात आणि ओलावा मिळताच मोकळी होतात असे त्यांनी दाखवले. त्यात मातीतील सूक्ष्मजीव तयार करतात ते जिओस्मिन मिसळते, ज्याचे प्रमाण एक लाख कोटी भागांत काही मोजके भाग इतके असले तरी माणसाचे नाक ते ओळखते. मातीपासून काढलेले अत्तर मिळाले तर उत्तम. नाहीतर भाजलेल्या मातीचा कोरडा तुकडा बशीत ठेवून त्यावर पाणी शिंपडावे. हा वास पाच-दहा मिनिटेच टिकतो, पण बाटलीतल्या कोणत्याही नकलेपेक्षा तो खरा असतो.

सगळ्यात अवघड समुद्र. त्याच्या वासात डायमिथाइल सल्फाइड हा गंधकयुक्त वायू असतो, जो समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींच्या घटकांपासून जिवाणू तयार करतात, आणि शेवाळातील इतर अनेक रेणूही असतात. दुकानातील ‘सागरी’ सुगंधांत मात्र बहुधा कॅलोन हा कृत्रिम रेणू असतो, ज्याचा वास स्वच्छ आणि कलिंगडाकडे झुकणारा असतो. तो आवडत असेल तर जरूर वापरावा, पण खऱ्या किनाऱ्याची आठवण त्याने जागी झाली नाही म्हणून स्वतःच्या स्मृतीला दोष देऊ नये.

निवडलेले वास तपासण्यासाठी जाड, बिनवासाच्या कागदाच्या पट्ट्या कापाव्यात आणि एका पट्टीवर एकच थेंब टाकावा. डोळे मिटून दोन-तीन हलके श्वास घ्यावेत आणि मनात जे चित्र येईल ते आधी लिहून मगच तेलाचे नाव पाहावे. एका बैठकीत चारपेक्षा अधिक वास घेऊ नयेत. मधे कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत प्रसिद्ध असली तरी साध्या हवेपेक्षा तिचा अधिक फायदा होतो असे दिसलेले नाही. स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगली तरी पुरते. तीच पट्टी अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगावी. लिंबासारखे हलके घटक लवकर उडून जातात, लाकूड, मुळे आणि राळ यांचे जड घटक मागे राहतात, आणि आठवण कधी कधी त्या मागे राहिलेल्या वासातच सापडते.

मिश्रण करायचे असल्यास एकूण दहा थेंबांचाच हिशेब ठेवावा. आठवणीचा मुख्य वास पाच-सहा थेंब, त्याला आधार देणारा दोन-तीन थेंब आणि धूर किंवा चामडे यांसारखा उग्र वास अगदी एकच थेंब, अशी सुरुवात करावी. प्रत्येक प्रयोग वहीत लिहावा आणि मिश्रण दोन-तीन दिवस बंद ठेवून मगच त्यावर मत द्यावे. तीनपेक्षा जास्त घटक घेतले की सुगंध तयार होतो, पण ठिकाण हरवते, असा माझा अनुभव आहे.

घरात वास सोडण्याचे मार्ग

सर्वांत साधा मार्ग मला सर्वांत परिणामकारक वाटतो. फायावर दोन थेंब टाकून तो झाकणाच्या छोट्या बरणीत ठेवावा आणि आठवण हवी तेव्हा झाकण उघडून हुंगावे. खोली भरत नाही, घरातील इतरांना त्रास होत नाही, आणि वास एकदम, पूर्ण ताकदीने येतो. अनपेक्षितपणे येणाऱ्या वासाचा जो धक्का असतो, त्याच्या जवळ जाणारी हीच एक रीत आहे.

संपूर्ण खोलीत वातावरण हवे असेल तर पाण्यावर चालणाऱ्या डिफ्युझरमध्ये, म्हणजे हवेत वास पसरवणाऱ्या उपकरणात, १०० मिलिलिटर पाण्याला तीन ते पाच थेंब पुरेसे होतात. तो अर्धा तास चालवून बंद करावा आणि खिडकी किंचित उघडी ठेवावी. काड्यांच्या डिफ्युझरमध्ये वाहक द्रवात साधारण २० ते २५ टक्के सुगंधी तेल असते आणि तो दिवसरात्र चालू राहतो. नेमक्या याच कारणासाठी आठवणींच्या कामाला तो मी सुचवत नाही. मेणबत्ती घरी करायची असेल तर मेणाच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के सुगंध, म्हणजे २०० ग्रॅम मेणाला १२ ते १६ ग्रॅम, इतका मिसळावा, वात सुमारे पाच मिलिमीटर ठेवावी आणि पेटती मेणबत्ती सोडून खोलीबाहेर जाऊ नये.

थोडी सावधगिरी आवश्यक आहे. इसेन्शियल ऑइल पातळ न करता त्वचेला लावू नये आणि पोटात मुळीच घेऊ नये. दमा असलेली व्यक्ती, गर्भवती किंवा तान्हे बाळ घरात असेल तर डिफ्युझर आणि मेणबत्ती टाळून बरणीचा मार्ग घ्यावा. मांजरांच्या यकृताला या तेलांतील अनेक घटकांचा निचरा नीट करता येत नाही, त्यामुळे टी ट्री, लवंग, पाइन, निलगिरी आणि लिंबूवर्गीय तेले त्यांच्या वावरातील खोलीत हवेत सोडू नयेत; पाळीव पक्ष्यांची फुप्फुसे तर त्याहून नाजूक असतात.

आठवणीची बैठक, आणि ती किती वेळा

शांत वेळ निवडावी, दूरध्वनी बाजूला ठेवावा आणि आधी वास घ्यावा, छायाचित्रे नंतर. हा क्रम उलटा केला तर छायाचित्रातील चौकट मनावर ताबा मिळवते आणि वासाला नवीन काही पुढे आणायला जागा उरत नाही. डोळे मिटून सावकाश हुंगावे आणि ‘मला काय दिसते’ याऐवजी ‘पायाखाली काय आहे, हवा कशी आहे, मागून कोणता आवाज येतो आहे’ असे प्रश्न स्वतःला विचारावेत. दोन-तीन मिनिटांनी नाक थकते. तेव्हा झाकण लावून जे आठवले ते लिहावे किंवा सोबतच्या माणसाला सांगावे.

अशी बैठक महिन्यातून एकदा, फार तर दोनदा असावी. एका डोंगराळ प्रवासानंतर मी देवदाराचे तेल महिनाभर रोज संध्याकाळी, घरखर्चाचा हिशेब करत असताना, खोलीत सोडले होते. आता तो वास आला की मला डोंगर आठवत नाही, जमेची आणि खर्चाची बाजू आठवते. प्रत्येक वापरात वर्तमानाचा एक पापुद्रा त्या वासावर चढतो, आणि रोजच्या वापराने तो वास प्रवासाचा न राहता घराचा होतो. त्याच कारणाने प्रवासाचा वास फरशी पुसण्याच्या पाण्यात, कपड्यांच्या साबणात किंवा गाडीत वापरू नये. दोन प्रवासांचे वास एकाच बैठकीतही घेऊ नयेत.

काहीच जाणवले नाही तर आधी मात्रा पाहावी. वास फार तीव्र असेल तर तो ओळखू येत नाही, म्हणून फाया हातभर दूर धरून पुन्हा प्रयत्न करावा. सर्दी असताना बैठक करू नये. आजारपणानंतर वासाची जाणीवच कमी झाली असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे; थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलेल्या घ्राणप्रशिक्षणात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला दिले जातात आणि अनेकांना त्याचा उपयोग होतो. कधी एखाद्या वासाने अनपेक्षितपणे प्रवासातील भांडण किंवा आजारपणच वर येते. तसे झाले तर ती बरणी आग्रहाने पुन्हा पुन्हा उघडू नये; त्याच प्रवासातील दुसरा वास शोधावा.

साठवण

मिश्रण किंवा अत्तर हाती आल्याबरोबर त्याचे दोन भाग करावेत, एक वापरायचा आणि एक राखीव. दोन्ही गडद रंगाच्या काचेच्या, काठोकाठ भरलेल्या कुप्यांत ठेवावेत, कारण रिकाम्या जागेतील हवेने तेलांचे ऑक्सिडीकरण होते. लिंबूवर्गीय आणि पाइनची तेले यात सर्वांत हळवी असतात. त्यांचा वास वर्षभरात बदलू शकतो आणि बदललेले तेल त्वचेला अधिक त्रासदायक ठरते, म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवावीत. चंदन, वाळा यांसारखी जड तेले मात्र अनेक वर्षे टिकतात. कुपीवर तेलाच्या नावाऐवजी ठिकाण, महिना आणि वर्ष लिहावे.

कुपी संपत आली की तिच्यात नवे तेल भरण्याचा मोह होतो, पण नव्या खेपेचा वास जुन्याशी तंतोतंत जुळत नाही, कारण पीक, हवामान आणि अर्क काढण्याची रीत दर खेपेला थोडी बदलते. नवी खेप वेगळ्या कुपीत ठेवावी. जुनी रिकामी कुपी धुऊ नये. तिचे बूच घट्ट लावून ती अंधाऱ्या कपाटात ठेवली, तर काचेला चिकटून राहिलेल्या अंशाचा वास पुढे कित्येक महिने, बूच उघडताच, तितक्याच ओळखीने येत राहतो.